पुतण्याची गिटार



आमच्या आजरा तालुक्यात सुताराला काम सांगायचे म्हणजे कुळव, चौकट, पाळणा आणि फार झाले तर देवघर. गिटार करून द्या, असे कुणी कुणाला सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी ती कधी करीन असे मलाही वाटले नव्हते. माझे वडील सुतार होते. मी शाळेत तीस वर्षे कार्यानुभवाचा शिक्षक होतो. मुलांना रंधा धरायला, पटाशीला धार लावायला आणि बोट न कापता करवत चालवायला शिकवणे हे माझे काम. बोट न कापता, हे शब्द मी मुद्दाम म्हणतो आहे. त्याचे कारण आता सांगतो आणि मग गिटारीकडे वळतो.

२०२१ सालच्या नोव्हेंबरात, ऐन सुगीत, आमच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीत माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचा डावा हात गेला. पोराचे वय तेरा. अंगठ्याशेजारची दोन बोटे, तर्जनी आणि मध्यमा, मधल्या पेरापासून तुटली. आता त्या यंत्राच्या तोंडावर एक लोखंडी झाकण असते. वैरण आत सारताना हात रुळांपर्यंत पोचू नये म्हणून ते असते. आदल्या आठवड्यात ओला मका तोंडाशी अडकत होता, म्हणून ते झाकण काढले होते आणि 'उद्या बसवू' म्हणून भिंतीला टेकवून ठेवले होते. ते काढणारा मी. यंत्राजवळ कसे वागावे हे तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना सांगणारा मी. भावाने मला त्यावरून एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

झाकण मी त्याच आठवड्यात नटबोल्टने घट्ट बसवले. तुमच्या घरी कडबाकुट्टी असेल तर हे भाषण संपल्यावर गोठ्यात जाऊन झाकण जागेवर आहे का तेवढे पाहा. असो.

पोरगा गावच्या भजनात तबला वाजवायचा. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नकोच, पण डग्ग्यावर घुमारा काढतात तो याच दोन बोटांनी. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने तबल्याला हात लावला नाही. भजनाच्या दिवशी तो माडीवर जाऊन बसू लागला. डावा हात सदऱ्याच्या खिशातून बाहेर काढीना. जेवतानासुद्धा!

गिटार त्याने पाहिली ती कोल्हापूरच्या दवाखान्यात. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांचा मुलगा गोव्याहून आला होता. संध्याकाळी तो व्हरांड्यात बसून हळूच गिटार छेडायचा. नर्सबाई रागवत नव्हत्या, ऐकत उभ्या राहत. एके दिवशी पोराने मला विचारले, "आण्णा, ह्येला कुठल्या हाताची बोटं लागत्यात?"

तो तरुण भला होता. त्याने सरळ सांगितले. डाव्या हाताच्या चार बोटांनी तारा दाबायच्या, उजव्याने छेडायच्या. पोराने बांधलेल्या हाताकडे पाहिले आणि गप्प बसला. मग त्या तरुणाने काय केले, गिटार उलटी करून त्याच्या मांडीवर दिली. म्हणाला, आता उजव्याने दाब आणि डाव्या अंगठ्याने छेड. पोराने छेडली. सूर निघाला, पण क्रम उलटा. जाड तार खाली, बारीक वर. "तारा उलट्या क्रमानं बसवल्या की झालं," तो म्हणाला. आणि मग त्याने त्याला जँगो राइनहार्ट नावाच्या एका वादकाची हकिगत सांगितली. हा युरोपातला भटक्या जमातीतला मनुष्य. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने तारा दाबायची स्वतःची रीत बसवली आणि १९५३ साली मरेपर्यंत तो वाजवत राहिला. आज जगभरचे गिटारवादक त्याच्या मुद्रिका लावून ऐकतात.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, डावखुऱ्यांच्या गिटारी दुकानात मिळतात, विकत का आणली नाही? मिळतात, खरे आहे. मी लोकांना कारण असे सांगितले की पोराचा पंजा लहान आहे, मापाची करावी लागेल. ते काही खोटे नव्हते. पण त्याहून खरे म्हणजे मला स्वस्थ बसवत नव्हते. रात्री झोप नव्हती. काहीतरी हाताने केल्याशिवाय मला त्या पोरासमोर उभे राहता येत नव्हते. पैसे मोजून ते होण्यासारखे नव्हते.

त्या तरुणाने आपली गिटार पंधरा दिवस माझ्याकडे ठेवली. मी तिची मापे घेतली, आरसा आणि छोटी विजेरी आत घालून पोटातली रचना पाहिली, कागदावर आकार उतरवून घेतला आणि परत केली.

मग लाकूड. आमच्या माळ्यावर वडिलांनी स्वतः केलेला शिसवी पलंग खोलून ठेवलेला होता. साठ वर्षांहून जुना, हाडासारखा वाळलेला. शिसवीला गिटारीच्या धंद्यात फार मान आहे. पूर्वी पाठ आणि बगला यांसाठी ब्राझील देशातली शिसव वापरत. तिची झाडे इतकी तुटली की १९९२ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या सुमारासच, मोठमोठे कारागीर हिंदुस्थानी शिसवीकडे वळले होते. म्हणजे आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेकडच्या रानात वाढते तीच. अमेरिकेत आणि स्पेनमध्ये ज्या लाकडासाठी लोक पैसे मोजतात त्याच्यावर आमचे वडील घोरत होते!

पण पलंग कापायचा म्हटल्यावर भाऊ तयार होईना. "आबांच्या हातचं एवढंच राहिलंय," तो म्हणाला. त्याचेही बरोबर होते. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "म्हाताऱ्यानं आयुष्यभर लाकूड कापलं. त्येच्या लाकडाला करवत लागली तर त्यो काय रागवायचा न्हाई. पोरासाठनं हाय न्हवं? काप जा." त्यावर बोलणे खुंटले.

उशाची फळी पाठीसाठी निघाली आणि बाजूच्या लांब पट्ट्यांतून बगलांच्या तीन फळ्या निघाल्या. लागतात दोन. एक जादा होती, हे पुढे लक्षात ठेवा.

दांडीसाठी मी मिरजेला गेलो. मिरजेतल्या सतार करणाऱ्यांची गल्ली तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार मंडळींनी, म्हणजे ज्यांचा पिढीजात धंदा हत्यारांचा, त्यांनी तंतुवाद्ये करायला घेतली आणि पुढे मिरजेचे तंबोरे देशभर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे सतारीला तून नावाचे लाकूड वापरतात. हलके, तांबूस, कापताना गोड वास येतो. गंमत अशी की स्पेनमधले कारागीर गिटारीच्या दांडीला जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले, ते अमेरिका खंडातले सेड्रेला नावाचे झाड आपल्या तुणीचे अगदी जवळचे नातलग. इतके, की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तुणीलाही सेड्रेलाच म्हणत. तेव्हा दांडी मिरजेच्या तुणीची करायची हे माझे नक्की झाले.

तिथल्या एका वृद्ध कारागिरांना मी माझा कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला, हसले आणि विचारले, "तबली कशाची?" सतारीच्या वरच्या पातळ फळीला ते तबली म्हणतात. मीही गिटारीच्या वरच्या फळीला तबलीच म्हणू लागलो. स्प्रूसची आणणार, असे मी सांगितले. हे थंड देशातले सूचिपर्णी झाड. त्याच्या जुळ्या फळ्या मी टपालाने मागवल्या होत्या. ते म्हणाले, "मग सगळा जीव तिथं घाला. बाकीचं नुसतं धरून ठेवायला."

त्यांना ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण नेमकी हीच गोष्ट स्पेनमधल्या अँतोनिओ दे तोरेस याने दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध करून दाखवली होती. तोरेस १८१७ साली आल्मेरीया गावाजवळ जन्मला. बारा वर्षांचा असताना सुताराच्या हाताखाली उमेदवारीला लागला, म्हणजे आपल्याच जातकुळीचा म्हणायचा. आज आपण जिला स्पॅनिश गिटार म्हणतो तिचा आकार, तिचे माप आणि तबलीच्या आतून पंख्यासारख्या लावलेल्या सात काड्या, हे सगळे मुख्यतः त्याने रूढ केले. सूर कशात असतो, पाठीत की तबलीत, असा वाद चाले. १८६२ साली त्याने एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बगला चक्क कागदाच्या लगद्याच्या. तबली मात्र उत्तम लाकडाची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. इतका मोठा कारागीर, पण गिटारींवर पोट भरेना म्हणून मध्यंतरी काही वर्षे त्याने चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान चालवले. १८९२ साली तो वारला.

त्याच्या पंख्याच्या रचनेचा मला आणखी एक फायदा झाला. ती दोन्ही बाजूंना सारखी असते. पोलादी तारांच्या गिटारीत पोटातल्या काड्या एकाच बाजूला झुकलेल्या असतात. तिच्या तारा नुसत्या उलट्या लावून भागत नाही. शिवाय पोलादी तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, नायलॉनच्या तारांचा चाळीसच्या आसपास. कोवळ्या बोटांना नायलॉनच बरे.

आता तबलीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. फळी आणतो तेव्हा ती चारपाच मिलिमीटर जाड असते. ती रंध्याने उतरवत उतरवत अडीच मिलिमीटरपर्यंत आणायची. जाड राहिली तर ठणठणीत उभी राहील, पण बोलणार नाही. फार पातळ झाली तर सुंदर बोलेल आणि दोन वर्षांत तारांच्या ओढीने पोट पुढे काढील. शिवाय लाकडाचा ताठपणा जाडीच्या प्रमाणात कमी होत नाही, जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे तीन मिलिमीटरची फळी २.७ वर आणली, दहावा हिस्साच काढला, तर ताठपणा जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी जातो. म्हणून शेवटी शेवटी रंध्याचा एक एक हात मारून थांबायचे, फळी दोन बोटांत वरच्या कडेला धरायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारून कानाशी न्यायची. आधी 'टक' वाजते. मग 'टंग' वाजू लागते. आणखी उतरवले की आवाज खाली जातो आणि लांबतो. कुठे थांबायचे हे सांगणारी मोजपट्टी नाही. मी पोराला शेजारी बसवून घेतले होते. माझे कान आता साठी उलटलेले आणि त्याचे तबल्यावर तयार झालेले. एकदा मी रंधा उचलला तशी तो म्हणाला, "बास आण्णा. आता बोलतीया." मला आणखी दोन हात मारायचे होते. मी रंधा खाली ठेवला.

त्या दिवशी त्याने फळी धरली होती ती दोन्ही हातांनी. त्याच्या ते ध्यानात आले नाही आणि मीही काही बोललो नाही.

शिक्षक बंधुभगिनींना आवडेल असा भाग म्हणजे पडदे बसवणे. आपल्याकडे सप्तकात सात शुद्ध आणि पाच विकृत असे बारा स्वर. गिटारीतही सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पडदे, आणि बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, कारण तार अर्धी केली की वरचा सा निघतो. मधले अकरा मात्र सारख्या अंतरावर नसतात. रीत अशी की तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, तो पहिला पडदा. उरलेली लांबी पुन्हा त्याच संख्येने भागायची, तो दुसरा. मोठ्या गिटारीची तार ६५० मिलिमीटर असते. मी पोराच्या पंज्यासाठी ६३० धरली. म्हणजे पहिला पडदा ३५.३६ मिलिमीटरवर, त्यापुढे दुसरा सुमारे ३३.४ वर, असे अंतर आकसत जाते. आमच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गाला मी हे गणित घातले. निम्म्या वर्गाला १७.८१७ दिले आणि निम्म्याला सरळ १८ दिले. पहिल्यांचा बारावा पडदा आला ३१५ वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. दुसऱ्यांचा आला ३१२.७ वर. "यांचं चुकलं!" म्हणून ओरडा झाला.

मग मी त्यांना सांगितले की १८ ही संख्या मी मनातून काढलेली नाही. शास्त्रज्ञ गॅलिलिओ, त्याचे वडील व्हिन्चेंझो गॅलिलेई स्वतः वीणेच्या जातीचे ल्यूट नावाचे वाद्य वाजवीत, त्यांनी १५८१ साली छापलेल्या ग्रंथात हीच रीत दिली आहे. आणि ते वेडे नव्हते. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर जरासा चढतो. १८ च्या हिशेबात सूर जरासा उतरतो. दोन चुका एकमेकींना थोडे सांभाळून घेतात. आज आपण हिशेब नेमका करतो आणि घोडी दोन मिलिमीटर मागे सारून तोच चढ काढून टाकतो. ज्या मुलांचे 'चुकले' होते त्यांचे चेहरे त्या वेळी पाहायला हवे होते.

बगला वाकवण्याचे काम मात्र जिवावरचे. शिसवीची पट्टी दोन मिलिमीटर जाडीची करायची, पाण्यात भिजवायची आणि तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबून वळवायची. नळी इतकी तापलेली हवी की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जाईल. पहिली पट्टी कमरेच्या वळणावर कट्‌कन मोडली. आवाज असा झाला की सोप्यात बसलेला भाऊ उठून आत आला. काही बोलला नाही. त्याने खाली वाकून तुकडा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, "रेघ तिरकी हाय हितं. आबा म्हणायचं, रेघ बघून वाकवा." मला लाकूड शिकवणाऱ्याला ती दिसली नव्हती. उरलेल्या दोन पट्ट्या आम्ही दोघांनी मिळून वाकवल्या. तो ओली फडकी मारत होता, मी दाबत होतो. त्या तासाभरात आम्ही जितके बोललो तितके त्या अपघातानंतर बोललो नव्हतो. बोललो म्हणजे काय, "थांब", "आता", "सोड" एवढेच.

जोडायला मी सरस वापरला. हल्ली पांढरा डिंक डब्यात मिळतो, चांगलाही असतो. पण सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. वाद्याला कधीतरी खोलावे लागते, म्हणून वाद्य करणारे सरस सोडत नाहीत. तो करताना मात्र डबा सरळ विस्तवावर ठेवायचा नाही. पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून साठ अंशांच्या आसपास ऊन ठेवायचा. उकळला की त्याची ताकद गेली.

आणि इथे मी मोठी चूक केली. पोराचा वाढदिवस ऑगस्टात. त्या दिवशी द्यायची म्हणून मी २०२२ च्या जुलैत, आषाढात, पाठ सांधली, आतून आडव्या काड्या चिकटवल्या आणि पेटी बंद केली. आजऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, त्या दिवसांत दाराच्या चौकटी फुगतात, मिठाला पाणी सुटते. लाकूडही फुगलेले होते. फुगलेल्या फळीला मी आडव्या काड्यांनी जखडून टाकले. शाळेत मुलांना दारे भर पावसात बसवू नका म्हणून सांगत आलो आणि स्वतः घाई केली. सणासुदीची घाई आणि कडबाकुट्टीवरचे झाकण, दोन्हीच्या मुळाशी माझा एकच स्वभाव आहे.

तारा दिवाळीत चढल्या. पोरगा रोज संध्याकाळी वाजवू लागला. गोव्याचा तो तरुण फोनवरून त्याला बोटे दाखवी. २०२३ च्या एप्रिलात, भर दुपारी, माडीवरून आवाज आला. पाठीचा मधला सांधा वरपासून खालपर्यंत उकलला होता. एका मिलिमीटरची फट. कोरड्या हवेत फळी आकसली, काड्यांनी तिला आकसू दिले नाही, मग ती सांध्यात फाटली. पोरगा गिटार घेऊन खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. "आण्णा, म्या काय न्हाई केलं," तो म्हणाला.

"तू नाही केलंस," मी म्हणालो. "मी केलं." आणि मग जे दीड वर्ष तोंडातून निघाले नव्हते तेही निघाले. झाकणाचे. तो ऐकत होता. म्हणाला, "मला ठावं हाय. आण्णा, ही कवा दुरुस्त हुईल?"

झाली. ऊन सुरी आणि ओली फडकी घेऊन मी दोन दिवस कडेने सरस सोडवत फिरलो. पाठ सुटून हातात आली. काड्या काढल्या. फळ्या आठवडाभर घरातच, सावलीत, वाळू दिल्या. आकसल्यामुळे दोन फळ्यांची रुंदी आता कमी पडत होती. तेव्हा मधोमध फणसाच्या लाकडाची चार मिलिमीटरची पट्टी घातली. फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते. ती पट्टी भावाने घासून दिली. मग नव्या काड्या, नवा सरस, आणि पाऊस लागायच्या आत पेटी बंद. जूनमध्ये तारा पुन्हा चढल्या. नायलॉनच्या नव्या तारा चारपाच दिवस सारख्या उतरतात, त्याने बिचारा वैतागून गेला होता.

आता कुणी पाहुणे आले की गिटार उलटी करून पाठ पाहतात. काळपट शिसवीवरची ती पिवळी रेघ त्यांना फार आवडते. नक्षी छान काढली म्हणतात. पोरगा हो म्हणतो.

डाव्या हाताच्या अंगठ्याने तो जाड तारा घेतो आणि करंगळीशेजारच्या बोटाने बारीक. मधल्या तारांना अजून अंगठाच धावतो, त्यामुळे लय एके ठिकाणी अडखळते. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी परवा त्याला सांगितले की एकादशीला ते वाद्य घेऊन ये, पण आमचा सूर काळी दोन, तुझं जमतंय का बघ. तो बघतो आहे. सध्या पावसाळा आहे, लाकूड ओढले जाते, म्हणून रात्री वाजवून झाले की तारा अर्धा सूर उतरवून ठेवायला मी सांगितले आहे. बहुतेक दिवशी विसरतो. मग मी जाऊन उतरवतो.